दिवेलागणीनंतर

कार्यपरत्वे भोपाळास जाण्याचा योग आम्हांस गेल्या काही वर्षांत तीनदा आला. मुक्काम दर खेपेस एकाच मराठी गृहस्थांकडे असे. त्यांचे घराणे मूळचे ग्वाल्हेरकडचे. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळास झाली, तेव्हा वडिलांच्या सरकारी नोकरीबरोबर बिऱ्हाड तेथे आले आणि तेथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी, आणि राग आला म्हणजे खास भोपाळी, अशी त्यांची वाणी. घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर मारुतीचे लहानसे देऊळ आहे, आणि देवळावरून काही पावले पुढे गेले की परवान्याचे दारूचे दुकान. देवळात सायंकाळची घंटा वाजू लागली की दुकानापुढे वाहने उभी राहू लागत. दोन्ही ठिकाणची गर्दीची वेळ एकच होती.

पहिल्या खेपेस त्या दुकानाला लागून एक 'अहाता' होता. हा शब्द आपल्याकडे रूढ नाही, म्हणून सांगतो. दुकानालगत भिंत घालून आणि वर पत्रे टाकून केलेली ती बसण्याची जागा. दुकानात बाटली घ्यावी, अहात्यात बसून ती रिकामी करावी, वर चार शेंगदाणे खावे आणि घरची वाट धरावी. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३ पासून राज्यातील हे सर्व अहाते बंद केले. देवळे, शाळा आणि मुलींची वसतिगृहे यांपासून दुकानाचे किमान अंतरही त्याच धोरणात ५० मीटरांवरून १०० मीटरांवर गेले. दुसऱ्या खेपेस आम्ही गेलो तो पत्रे उतरले होते आणि भिंत पडली होती. माणसे मात्र तीच होती. कोणी मोटारसायकलीवर बसलेला, कोणी गटाराच्या कठड्यावर टेकलेला, कोणी मोटारीतले दिवे घालवून आत. घरी आल्यावर आम्ही यजमानांस म्हटले, "देवळाजवळची ती पीडा गेली, हे फार चांगले झाले." भांडी घासावयास येणारी बाई ओट्यापाशी उभी होती. ती तिच्या हिंदीत जे बोलली, त्याचा आशय असा : आधी तो बाहेर पिऊन येई आणि आल्यावर पडून राही, आता घरातच बसतो, आणि पाण्याचा तांब्या पोरीला आणावयास सांगतो.

आम्हांस त्यावर काही बोलता आले नाही.

आम्ही मद्याचे कैवारी नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. घराण्यात ते नव्हते, आम्हीही शिवलो नाही, आणि या वयात शिवण्याचा संभव नाही. तसेच, एका बाईच्या बोलण्यावरून एखादे धोरण खोटे ठरत नाही. त्याच गल्लीत दुसरी कोणी असेल, की जिच्या नवऱ्याची संगत अहात्याबरोबर मोडली आणि पिणेही उतरले. तेव्हा अहाते बंद करणे योग्य की अयोग्य, याचा निकाल देण्यास आम्ही बसलो नाही. आमची अडचण निराळी आहे. आम्ही यजमानांपाशी जो आनंद प्रकट केला, तो नेमका कशाबद्दल होता? कोणी प्यावयाचा थांबला म्हणून, की प्यावयाचा दिसेनासा झाला म्हणून? आमच्यासारख्या देवळाशी नाते सांगणाऱ्या माणसांनी हा प्रश्न स्वतःस एकदा विचारून पाहावा, असे वाटते.

भोपाळात या विषयाने गेल्या काही वर्षांत बरेच रान पेटले. या राज्याच्या माजी मुख्यमंत्री उमा भारती यांनी मार्च २०२२ मध्ये तेथल्या एका दुकानात शिरून बाटल्यांवर दगड भिरकावला. पुढे जानेवारी २०२३ च्या अखेरीस अयोध्यानगर भागात दारूच्या दुकानाजवळच्या देवळात जाऊन त्या काही दिवस राहिल्या. दगडाचा मार्ग आम्हांस पटत नाही. देवळातील मुक्काम मात्र विचार करावयास लावतो, कारण निदान तेवढे दिवस त्या देवळात संध्याकाळनंतर कोणीतरी बसून होते. नंतर २४ जानेवारी २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या महेश्वरात मंत्रिमंडळाची बैठक भरली, आणि तीत ठरल्याप्रमाणे १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, ओरछा, मैहर, चित्रकूट, अमरकंटक आदी १९ क्षेत्रांतील दुकाने बंद झाली. भोपाळ या यादीत नाही. भोपाळ राजधानी आहे, क्षेत्र नव्हे. आणि ज्या धोरणात ही क्षेत्रे वगळली गेली, त्याच धोरणात बिअर, वाइन अशी १० टक्क्यांपर्यंत मद्यार्काची पेये पाजणाऱ्या निराळ्या बारांची सोयही केली गेली. क्षेत्रात मद्य नको आणि शहरात ते जरा सौम्य असावे, असा हा हिशेब आहे. राज्यकर्त्यांस महसूल हवा असतो आणि पुण्यही हवे असते; त्यांस फार दोष देण्यात अर्थ नाही, कारण दोन्हींची मागणी करणारे आपणच आहोत.

उज्जैनीचे उदाहरण घ्यावे. तेथे काळभैरवास मद्याचा नैवेद्य दाखवितात; पुजारी बशीत ओतून ती मूर्तीच्या मुखाशी धरतो, आणि हे पाहण्यासाठी दूरदूरची माणसे रांगेत उभी राहतात. ज्या वस्तूपासून क्षेत्राचे रक्षण करावयाचे, तीच वस्तू क्षेत्रपाल स्वीकारतो, याचे नवख्यास हसू येईल. आपल्यास येऊ नये. आपल्या कोकणात आणि गोव्यात गावच्या राखणदारास, देवचारास, सोरो आणि रोट वाढल्यावाचून किती वाड्यांचे वर्ष पुरे होते? आपले पूर्वज या वस्तूस भीत नव्हते आणि तिची पूजाही करीत नव्हते. तिला एक जागा, एक तिथी आणि एक माप त्यांनी नेमून दिले होते. राखणदाराचे राखणदारास, आणि उरलेले वर्षभर ज्याचे त्याने सांभाळावे. मापाची ही जाण गेली, तेव्हा आपण अंतर मोजू लागलो. ५० मीटर, १०० मीटर.

अंतराने शुचिता राखण्याची सवय आपल्या हाडीमासी भिनलेली आहे. सोवळ्यातल्याने ओवळ्यास शिवू नये, येथपासून ती सुरू होते. स्वयंपाकघरापुरती ती निरुपद्रवी असेल. पण हीच सवय आपण शतकानुशतके माणसांवर चालविली, आणि कोणी देवळापासून किती पावलांवर उभे राहावे हे ठरविले. त्या मोजण्याने देव अधिक पवित्र झाला नाही, आणि आपण काय झालो ते आता सर्वांस ठाऊक आहे. दारूचे दुकान म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी दुकान देवळापासून सरकते, तेव्हा ते आकाशात जात नाही. ज्या वस्तीत देवस्थानची समिती नाही, अर्ज लिहिणारा कोणी नाही, अशा वस्तीच्या दारात ते जाऊन बसते.

महाराष्ट्राने हाच प्रश्न नाचगाण्याच्या बारांच्या निमित्ताने अनुभवला. २००५ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारांतील नाच बंद करण्यात आला; तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांस मात्र मोकळीक राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. जो नाच साध्या बारात नीती बिघडवितो, तोच गालिच्यावर केला असता कसा निर्दोष होतो, हे न्यायमूर्तींस उमगले नाही. आम्हांसही उमगत नाही. पुढे २०१६ च्या नव्या कायद्याच्या आधारे, असे ठिकाण देवळा-शाळांपासून एक किलोमीटर दूर असावे, अशी अट आली. मुंबईसारख्या नगरीत असा एक किलोमीटर सापडावयाचा कोठे? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही अट काढून टाकली. या साऱ्या वर्षांत ज्यांचे उत्पन्न बुडाले आणि ज्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली गेली, त्या नाचणाऱ्या मुली होत. नोटा घेऊन समोर बसणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणास आठवत नाही.

आपल्या गोमंतकास तर यात नवल वाटण्याचे कारण नाही. देवळांच्या संध्याकाळी आपल्याकडे गाण्याने भरलेल्या होत्या, आणि ते गाणे ज्या कलावंत घराण्यांनी जतन केले, त्यांतूनच केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई पुढे आल्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातील महाजन पालखीच्या वेळी त्या घराण्यांचे गाणे डोळे मिटून ऐकत, आणि डोळे उघडल्यावर त्यांस पंक्तीस घेत नसत. रात्रीचा आनंद घ्यावा सर्वांनी, आणि त्याचा कलंक वाहावा देणाऱ्याने, ही व्यवस्था बारवाल्यांनी शोधून काढलेली नाही.

परक्यांच्या बाबतीत हीच व्यवस्था अधिक सोज्ज्वळ रूप घेते. कंबोडियात सियाम रीप म्हणून गाव आहे. तेथून पाच-सहा किलोमीटरांवर अंगकोर वाट हे विष्णूचे प्रचंड मंदिर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने ते बांधले, आणि मागाहून ते बौद्धांचे झाले. सकाळी जगभरचे प्रवासी विष्णुमंदिराच्या शिखरामागून उगवणारा सूर्य पाहतात आणि रात्री गावातल्या 'पब स्ट्रीट' नावाच्या गल्लीत येऊन बसतात. गल्लीचे नावच 'दारूची गल्ली', लपवालपवीचे काम नाही. त्या देशात जुगाराची गृहे पुष्कळ आहेत; मात्र तेथील स्वदेशी नागरिकाने त्यांत खेळू नये असा कायदा आहे. परकीयांनी खुशाल खेळावे! वाचकांनी हसण्याआधी पणजीस मांडवीच्या काठी क्षणभर उभे राहावे. १ फेब्रुवारी २०२० पासून तेथील जुगाराच्या बोटींवर खेळाच्या जागी गोमंतकीयांस प्रवेश नाही. पाहुण्यांस आहे. आपल्या मुलास जे विष म्हणून नाकारावे, ते अतिथीस ताटात वाढावे आणि त्याचे पैसे मोजून घ्यावे, हे ज्या भूमीत अतिथीस देव म्हणतात तेथे चालते, आणि आम्ही त्याच नदीवरून होडीने देवदर्शनास जातो. विष असेल तर ते पाहुण्यासही विषच आहे. आणि नसेल, तर घरच्या मुलास बंदी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर महसुलाच्या भाषेत देता येईल. धर्माच्या भाषेत देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

मग मनुष्याने दिवेलागणीनंतर करावे तरी काय? शुष्क उपदेशकांचे उत्तर असे, की घरी यावे, देवापुढे हात जोडावे, जेवावे आणि झोपावे. हे उत्तर आपल्या परंपरेचे नव्हे. भोपाळच्या मोठ्या तलावाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो अकराव्या शतकातील परमार राजा भोज भोजपूरचे शिवमंदिर अपुरे ठेवून गेला. परंतु 'शृंगारप्रकाश' नावाचा एक अफाट ग्रंथ त्याच्या नावावर आहे. सगळ्या रसांच्या मुळाशी शृंगार हा एकच रस आहे, आणि तो म्हणजे माणसाची स्वतःची जाणीव, त्याचा अभिमान, असे त्यात प्रतिपादन आहे. त्याहून विलक्षण म्हणजे धर्मशृंगार, अर्थशृंगार, कामशृंगार आणि मोक्षशृंगार असे चार पुरुषार्थांचे चार शृंगार तो मानतो. रुची घेणे, रंगून जाणे, ही शक्ती धर्मापासून मोक्षापर्यंत सगळीकडे लागते, असा याचा अर्थ आम्ही घेतो. ज्याला संध्याकाळी कशातच रंगता येत नाही, त्याला कीर्तनातही रंगता येणार नाही. अहात्यातील मनुष्य रंग शोधावयास जातो, त्यात त्याचे चुकत नाही. जेथे तो विकत मिळतो, त्याखेरीज दुसरी जागा त्याच्यासाठी उघडी नसते, हे खरे दुःख आहे.

जुन्या भोपाळात अशी जागा होती. चौक, इब्राहिमपुरा, बुधवारा या भागांत दुकानांपुढे दगडी फरशा असत. त्यांस 'पटिये' म्हणतात. रात्री दुकाने बंद झाली, जेवणे झाली, की माणसे त्या पटियांवर येऊन बसत. बुद्धिबळाचा डाव पडे, शेर म्हटले जात, राजकारणाची चिरफाड होई, आणि मीठ घातलेला सुलेमानी चहा फिरे. एकेका पटियाची मंडळी ठरलेली, त्यांचा स्वभाव ठरलेला. तिसऱ्या खेपेस यजमानांनी आम्हांस मुद्दाम तिकडे नेले. पटिये आता थोडे उरले आहेत. पुष्कळांवर दुकानांचा माल आणि वाहने चढली आहेत. एका पटियावर चार वृद्ध होते. त्यांनी सरकून जागा दिली, चहा मागविला, आणि आम्ही कोण हे अर्ध्या तासाने विचारले. बसण्यास काही घ्यावे लागले नाही. वायुकांडाच्या रात्री, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यात, जो विषारी वारा कारखान्यातून सुटला, तो या जुन्या शहरावरूनच गेला. त्यानंतरही या पटियांवर माणसे रात्री पुन्हा येऊन बसली, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

पटियाचा गौरव करताना एक उणीव सांगितलीच पाहिजे. तेथे स्त्री नव्हती. पुरुषांची संध्याकाळ पटियावर जाई ती घरात कोणी चूल सांभाळी म्हणून. भोपाळवर पिढ्यान्‌पिढ्या बेगमांनी राज्य केले. सुलतानजहाँ बेगमेने तर स्त्रियांसाठी एक क्लबही काढला होता. म्हणजे राज्यकर्त्या स्त्रीसही जाणवले होते, की संध्याकाळ बायकांनाही लागते. आपल्याकडे बायकांची संध्याकाळ देवळातच काय ती होती. कीर्तनास जाते, एवढे म्हटले की सासूलाही ना म्हणता येत नसे.

नव्या भोपाळात सरकारनेही एक चांगली संध्याकाळ उभी केली. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी मोठ्या तलावाच्या उतारावर भारत भवन उघडले. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ते असे बांधले आहे, की इमारत जमिनीत उतरत पाण्याकडे जाते, आणि बाहेरच्या खुल्या रंगमंचापाशी बसले की पलीकडे तलाव दिसतो. याच शहरात उस्ताद जिया फरीदुद्दीन डागर यांनी शिष्यांस ध्रुपद शिकविले. आपले उदय भवाळकर तेथेच तयार झाले. हबीब तन्वीर यांची 'नया थिएटर' मंडळी शेवटी येथेच स्थिरावली. त्यांचे 'चरणदास चोर' हे नाटक १९७५ सालचे. गुरूला दिलेला शब्द पाळता पाळता प्राण गमावणाऱ्या एका चोराची ती कथा, छत्तीसगढच्या गावकरी नटांनी खेळलेली. सत्य म्हणजे काय आणि ते कोणास परवडते, याविषयी त्या नाटकाने जेवढा विचार करावयास लावला, तेवढा पुष्कळ प्रवचनांनी आम्हांस लावला नाही. आणि प्रेक्षक तर पोट धरून हसत असतात.

पण भारत भवनाच्या पायऱ्यांवर ती भांडी घासणारी बाई आम्हांस दिसली नाही, तिचा नवराही दिसला नाही. दार त्यांस बंद नाही. आपल्यासाठी ते उघडे आहे हे त्यांस कोणी सांगितलेले नाही. देवळाचे दार त्यांस ठाऊक आहे. ते किती वाजता बंद होते, हेही ठाऊक आहे.

येथे आम्हांस आमच्या गावची एक गोष्ट सांगणे भाग आहे. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या वाटेवर एक तावेर्न होते. ते तेथून हलवावे म्हणून अर्ज झाला. मसुदा आमच्या हातचा, पहिली सही आमची. तावेर्न हलले. ते पलीकडच्या वाड्यावर गेले, जेथे खाणीवर आणि बागायतीत राबणाऱ्यांची घरे आहेत, आणि अजून तेथेच आहे. त्या वाड्यावरील बायकांनी आम्हांस कधी काही म्हटले नाही. त्यांस अर्ज कोणी लिहिला हे ठाऊक नसावे. पुढे देवस्थान समितीपुढे दुसरा ठराव आला. रात्री सभामंडपात पोरे पत्ते कुटतात, विजेचे बिल वाढते, चोरीचेही भय आहे. सबब आरती आटोपली की साडेआठ वाजता दिवे घालवून जाळीचे दार ओढावे. तेव्हाही आमचा हात वर होता. एके काळी त्याच मंडपात सोमवारी पालखी निघे, कीर्तन मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि काल्याच्या रात्री दशावतारी संकासुर मशालीच्या उजेडात लहानांस भिववी. तेही सारे रात्रीचेच होते, आणि त्यातही सगळे सभ्य होते असे मुळीच नाही.

भोपाळहून परतल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही आरतीस गेलो. साडेआठला पुजाऱ्याने दार ओढले, कुलूप घातले, आणि दोनदा ओढून पाहिले. बाहेर साकवावर पाच-सहा पोरे बसली होती. एकाच्या हातात भ्रमणध्वनी, बाकीचे त्यात डोकावत होते. पलीकडच्या वाड्याकडे दिवा दिसत होता. सवयीप्रमाणे आम्ही त्यांस हटकले, की रात्रीचे येथे बसता कशाला, घरी जा. त्यांपैकी एक उठला, आदराने बाजूला झाला, आणि म्हणाला, "मागीर आमी खंय बसप, काका?"

कुलपाची किल्ली पुजाऱ्याच्या कनवटीस होती. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मंडपाच्या वेळेचा विषय घ्यावा, असे पत्र आम्ही दुसऱ्या दिवशी समितीस लिहिले. अद्याप उत्तर नाही.